आईची सवत

आई त्या बोटीला सवत म्हणायची. तटरक्षक दलाची ती गस्तीची बोट पाण्यात उतरली त्याच वर्षी आईबाबांचं लग्न झालं आणि जन्मभर दोघींत वाटणी चालली. आईच्या वाट्याला उरलंसुरलं आलं.

बाबा बोटीचं इंजिन सांभाळायचे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. आत काय झिजलंय ते त्यांना असं कळायचं, म्हणून सगळे त्यांना डॉक्टर म्हणत. बोट धक्क्याला लागली की डॉक्टर इंजिन ऐकणार, मग हात वर करणार. त्याआधी ते बंद करायची कुणाची छाती नव्हती. बोटीनं वादळातून मच्छीमार ओढून आणले, चोरटा माल पकडला, जळत्या जहाजावरची माणसं उतरवली. पेपरात फोटो कप्तानाचा. बाबांच्या पदरात बहिरेपण पडलं.

"बोटीचा खिळा हलला तर ऐकू येतं, मी घसा फोडला तरी नाही," आई म्हणायची. पुढेपुढे ते खरंच झालं.

आई गेली तेव्हा बाबा तिचा हात धरून बसले होते. तिचा श्वास थांबला तो मला कळला. मी त्यांच्या खांद्याला हात लावेपर्यंत ते तिला सांगतच होते, "मी आता घरीच आहे. कुठं जात नाही."

मग बोटही मोडीत निघाली. निरोपाच्या दिवशी इंजिन शेवटचं बंद होणार होतं; बाबांसाठी डेकवर खुर्ची ठेवली होती.

"मी खाली जाणार," ते म्हणाले. "ती थांबेल तेव्हा मला तिथं असायचंय."

मला संताप आला. गुडघे गेलेले, शिडी उभी. "कान खाल्ले तिनं, आता हाडंही द्या!" मी ओरडले. त्यांना ओठ वाचता येतात. "चल, तूही ये," एवढंच म्हणाले.

आम्ही खाली इंजिनापाशी उतरलो. वरची भाषणं संपली. आताचा इंजिनवाला बाबांकडे बघत खोळंबला होता. वरून दोनदा निरोप आला, तरी स्क्रूड्रायव्हर टेकवलेल्या बाबांचा हात वर जाईना. शेवटी गेला. धडधड मंदावली, थांबली.

"ही थांबली ते कळलं मला," ते डोळे न उघडता म्हणाले. "तुझ्या आईचं नाही कळलं गं." मग माझ्याकडे बघत त्यांनी विचारलं, "मी घरीच आहे म्हणालो, ते ऐकलं ना तिनं?"

मी मान हलवली. हो.