सरूच्या पायावरची सूज

अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात डाक्टरनं माह्या घरवालीच्या, सरूच्या, नडगीवर अंगठा दाबला अन् उचलला. खड्डा तसाच राह्यला. मंग त्यानं एक लाकडी नळी तिच्या छातीवर टेकवून कान लावला. सरूनं भिंतीकडे तोंड फिरवलं. डाक्टर पुण्याकडचा, शुद्ध बोलणारा. "काळजाचं दुखणं आहे," तो म्हणाला. "हार्ट डिसीज."

मले काहीच वाटलं नाही. बैलायले पाणी पाजाचं राह्यलं, एवढंच मनात आलं.

मंग त्यानं समजावून सांगतलं. काळजातलं रगत एकाच दिशेनं जावं म्हणून आत झडपा असतात, त्यायले व्हॉल्व म्हणतात. सरूची एक झडप नीट मिटत नव्हती. "लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का?" त्यानं इचारलं. आला होता. बारा वर्साची होती तवा. त्या तापानंच झडप खराब केली म्हणे. रगत मागं फिरते, अंगात पाणी साचते, पाय सुजतात. या सुजेले ते ड्रॉप्सी म्हणतात.

अन् आमी त्या सुजेले काय समजलो? त्या साली इलायतेले आमचा कापूस पाह्यजे होता. भाव असा का कुणबी माणूसबी चांदी घेऊ लागला. मी सरूले तोडे केले. दिवाळीआधी ते पायात रुतू लागले तर बाया म्हणत, "सरू, कापूस मानवला वं तुले!" मीबी मिशीले पीळ देऊन हासलो. लाज वाटते आता. विहिरीवरून येताना ती तीनदा थांबे. आडवं झोपलं का दम कोंडे, म्हणून गाठोड्याले टेकून बसून झोपे. आमी म्हणलं, थकली असंन.

दवाखान्याच्या ओसरीत अमरावतीचा एक अडत्या बसला होता. चाललं का त्याची छाती आवळे, कळ डाव्या हातात उतरे. थांबलं का बरं वाटे. वायगोळा समजून तो गडी सहा महिने ओवा खाऊन राह्यला होता! डाक्टरनं त्याले सांगतलं, हे अंजायना, काळजालेच रगत कमी पडते. म्हणजे काळजाचं दुखणं एकच नसते, बाप्पा. सरूची छाती तर कधी दुखलीच नाही.

डाक्टरनं थेंबांचं औषध देलं. मले म्हणाला, "हे पुरतं बरं होणार नाही, पण सांभाळता येईल. रोज सकाळी तुम्ही स्वतः अंगठा दाबून पाहा. खड्डा राहिला, की त्याच दिवशी इथे आणा."

पण नवऱ्यानं बायकोच्या पायाले हात लावाचा? तेल्हाऱ्याजवळ आमचं गाव. तिथं असं कोणी कधी केलं नव्हतं. पहिल्या सकाळी मी वाकलो तर सरूनं पाय लुगड्यात ओढून घेतले. "अवो, मले पाप काहून लावता? मीच दाबून पाहीन ना." चुलीपासून माय म्हणाली, "घरात अवदसा आणतं का रे?" मी उठलो. सुटल्यावानी वाटलं, खोटं कायले सांगू.

मंग रोज इचारो, "खड्डा?"

"नाई."

वेचणी चालू होती. वावर पांढरं झालं होतं अन् मजूर बाया भेटत नव्हत्या. सरू वावरात गेली का काम उरके. मले जे ऐकाचं होतं तेच ती सांगे, अन् हे मले तवाबी कळत होतं. थेंब संपले. अकोल्याले जाणं उद्या-परवावर गेलं.

पौषात एका दुपारी वेचता वेचता ती धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बसली. ओटीत कापूस होता. "जराशीक बसू द्या," म्हणाली. मी बैल जुपून आलो तवर ती बसल्या जागीच गेली होती.

मी रडलो नाही. आजबी येत नाही रडू.

अहेव गेली म्हणून साऱ्या गावानं हळदकुंकू वाहून तिच्या पायाले हात लावले. म्हाताऱ्यायनंबी लावले. माह्या मायनंबी लावले. "भाग्याची होती," म्हणे.

तुमच्या घरी कोणाले चालताना दम लागत असंन, उताणं झोपवत नसंन, पाय सुजत असतीन, तर सुख अंगी लागलं म्हणू नका. तिच्या "नाई"वर जाऊ नका. वाका अन् सोता अंगठा दाबून पाहा. पाप लागलंच तर माह्या नावावर घाला.