ओला जिना

साबणाच्या पाण्याने भरलेली बादली जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवू नये, हे चष्मेवाल्याला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणजे बायकोने सांगितलं होतं. पण बायकोने सांगितलेलं हिशेबात धरायचं नाही, असा त्याचा लग्नापासूनचा शिरस्ता होता.

खाली चष्म्यांचं दुकान, वर घर आणि मधे गालिचा टाकलेला अरुंद जिना, अशी त्याची जागा. सकाळी दुकानात उतरताना त्याच्या हातून कॉफी सांडली. बायकोला कळायच्या आत डाग घालवावा म्हणून त्याने भांड्यांचा साबण बादलीत सढळ हाताने ओतला, ढवळून फेस काढला आणि वाकून घासताना बादलीला स्वतःचीच टाच मारली. बादली एकेक पायरी थांबत, प्रत्येक पायरीला तिचा वाटा देत खाली गेली.

खाली डोळे तपासायला एक गिऱ्हाईक बसवून ठेवलेलं होतं. "अहो, मला फेस दिसतोय!" ते ओरडलं.

"डोळे चोळा, जाईल," चष्मेवाला वरून म्हणाला.

मग बायकोने जिनेकाकांना बोलावलं. गालिच्याचे जिने साफ करणं हा त्यांचा धंदा, म्हणून सगळा भाग त्यांना जिनेकाका म्हणायचा. उंचीला बेताचे, गुडघ्यांना चामड्याच्या गाद्या बांधलेल्या, आणि मागे चाकांवर घरंगळत येणारं पोटफुगं मशीन. त्यांनी जिना पाहिला, मग भिजलेल्या पायजम्यातला चष्मेवाला पाहिला.

"पाइप फुटला का?"

"नाही," बायको म्हणाली आणि बोटाने नवऱ्याकडे दाखवलं. "हे."

"दुरुस्तीपलीकडचं दिसतंय," काका म्हणाले आणि गाद्या आवळू लागले.

त्यांचं काम बघत बसण्यासारखं होतं. एरवी ते आधी कोरडी धूळ ओढून घेत. पायरी आणि उभी फळी मिळतात त्या सांध्यात चपट्या तोंडाची नळी घालून, दाताच्या डॉक्टरासारखी मान वाकडी करून. मग औषधाचा हलका फवारा. मग ब्रश, तोही लवेच्या कलाने, मांजराच्या पाठीवरून हात फिरवावा तसा. आणि शेवटी हातात मावणारं एक तोंड मशीनला जोडून साफ पाण्याने धुवायचं आणि लगेच ते पाणी ओढून घ्यायचं. त्या दिवशी मात्र निम्मा वेळ साबण काढण्यातच गेला. "साबण गालिच्यात राहिला की तो चिकट होतो, येणाऱ्याजाणाऱ्याच्या चपलेचा मळ धरून ठेवतो," ते म्हणाले. "तुम्ही जिना धुतला नाही, जेवायला वाढलंत त्याला."

सगळ्यात कडक नियम दिशेचा. जिना वरून खाली. घाण पाणी नेहमी न धुतलेल्या पायरीकडे जायला हवं, धुतलेलीकडे नाही; आणि धुतलेल्या पायरीवर, ती वाळेपर्यंत, देवाचाही पाय पडता कामा नये. म्हणून सुरू करण्यापूर्वी ते नावाड्यासारखी हाळी देत, "वर कोणी राहिलंय का? राहिला तो संध्याकाळपर्यंत राहिला!"

त्या दिवसापासून दोघांचं जमलं. चालू कामाच्या मधल्या वेळात काका दुकानात येऊन बसत आणि चष्मेवाल्याची बादली नव्या गिऱ्हाइकांना रंगवून सांगत. दर खेपेला तिच्यात थोडं पाणी वाढे.

काकांबरोबर पूर्वी काकू असायच्या. मशीन काकांचं, कोपरे काकूंचे, अशी वाटणी. काकूंच्या पदराला कायम दोन जुने टूथब्रश खोचलेले. लोकांच्या जिन्यांवर दोघांचा संसार मोठमोठ्याने चाले.

"अहो, कड राहिली."

"नाही राहिली."

"मग हा काळा बसलाय तो कोण, तुमचा मामा?"

"तोंडावरून तुझ्याकडचा वाटतोय."

गिऱ्हाइकं आतल्या खोलीत हसू दाबत. काम संपलं की काकू तळवा गालिच्यावर ठेवून, डोळे मिटून, किती ओल राहिली ते सांगायच्या. काका त्यावर घड्याळ लावायचे.

मग एके दिवशी काकूंनी एका पायरीचा कोपरा घासला, उठल्या, पुन्हा त्याच पायरीवर बसल्या आणि तोच कोपरा घासला. पुन्हा उठल्या, पुन्हा बसल्या. काकांना वाटलं टोमणा मारतेय. "कळलं, कळलं," ते म्हणाले, "पुढच्या वेळी नीट ओढीन." काकूंनी वर पाहिलं, आणि त्या पाहण्यात टोमणा नव्हता. काहीच नव्हतं.

पुढचं सगळं हळूहळू झालं आणि तरी एकदम झाल्यासारखं वाटलं. काकूंचं कामावर येणं थांबलं. लेक आपलं बिऱ्हाड हलवून आईजवळ राहायला आली. आणि एका संध्याकाळी काका घरी आले तेव्हा काकूंनी दार अर्धं उघडून धरलं आणि परक्या माणसाशी बोलावं तसं अदबीने सांगितलं, "आमचे हे घरी नाहीत. नंतर या."

"अगं, मी—"

"अगं काय म्हणता? कोण तुम्ही?"

लेकीने समजावलं, काकांनी समजावलं, लग्नाचा फोटो आणून दाखवला. काकूंनी फोटो ओळखला, लाजल्यासुद्धा. मग काकांकडे बघून म्हणाल्या, "यांचे वडील का तुम्ही?" रात्री घरात परका पुरुष बघून त्या इतक्या घाबरल्या की शेवटी काका खाली, दाराशेजारच्या मशीनच्या खोलीत झोपले. डॉक्टर म्हणाले, वाद घालू नका. त्यांना भीती वाटते, ती वाढवू नका. काकांनी वाद घालणं थांबवलं. दुसरं काय करणार होते?

दुसऱ्या दिवशी कामावरून येताना मशीन हातात होतं. त्यांनी स्वतःच्या दाराची घंटा वाजवली. काकूंनी मशीन बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"जिना करायला आलात? या की! केव्हाचा करायचा राहिलाय."

असे ते आपल्या घरात गेले.

हे चष्मेवाल्याला ठाऊक नव्हतं. लेक आली आहे, काकूंना बरं नाही, एवढंच काका सांगत. तो एकदा काकांचा नवा चष्मा द्यायला दुपारचा त्यांच्या घरी गेला. रस्त्यावरचं दार उघडंच होतं आणि आत सरळ वर चढणारा जिना. काका त्यावर मशीन चालवत होते. चष्मेवाल्याने हाक मारायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. काका खालून वर चालले होते. वरच्या पायरीवर गुडघे टेकून, खालची पायरी धुऊन, उलटे सरकत सरकत वर. धुतलेला, ओला जिना त्यांच्यापासून दारापर्यंत पसरला होता. वाण्याने काट्यावर अंगठा ठेवलेला बघावा, तसं त्याला झालं.

वर काकू उभ्या होत्या.

"उलटं करताय तुम्ही," त्या म्हणाल्या. "आमचे हे वरून खाली करतात."

"बरोबर करतात," काका मान खाली घालून म्हणाले.

"नवीन आहात का या कामात?"

"असं वरती जायला नवीन आहे."

"त्यांच्याकडे शिका थोडे दिवस. तसे ते तिरसट आहेत. शाळेतून मास्तरांशी भांडून पळाले ते पळालेच. पण जिना करावा तर त्यांनीच." काकू जरा पुढे वाकल्या. "तो कोपरा राहिला बघा."

"कुठला?"

"तो. तुमचा मामा बसलाय तो."

मशीनचा आवाज थांबला. काका तसेच बसून राहिले, हातातलं तोंड पायरीवर टेकवून. मग त्यांनी तो कोपरा घासला. चांगला पुष्कळ वेळ घासला. शेवटची पायरी झाल्यावर ते वरच्या मजल्यावर उठून उभे राहिले आणि खाली बघत म्हणाले, "ओलं आहे सगळं."

"मग आता कसे जाल? बसा. वाळेपर्यंत बसायलाच हवं. चहा टाकते."

चष्मेवाला खाली दाराच्या आड उभा. वर जाता येत नव्हतं आणि निघून जाववत नव्हतं. वरून कपांचा आवाज आला, लेकीचा "आई, मी ओतते" असा आवाज आला. मग काकू पाहुण्याची विचारपूस करू लागल्या.

"घरी कोण कोण असतं?"

"बायको आहे. मुलगी आहे."

"बायको काय करते?"

"याच कामात होती. कोपरे तिच्याकडे असायचे."

"कोपरे कठीण हो."

"फार."

"मग आता येत नाही ती?"

"बरं नसतं तिला."

"अहो, मग तिच्यापाशी बसायचं सोडून लोकांच्या घरी चहा काय पिताय?" काकू रागावल्या. "बाईमाणूस तिकडे वाट बघत असेल."

"बसतो ना," काका म्हणाले. "रोज बसतो."

उन्हाचा पट्टा जिन्यावरून सरकला तेव्हा काकूंनी वाकून तळवा गालिच्यावर ठेवला, डोळे मिटले. "वाळला. निघा आता. हे येतील एवढ्यात." काका उतरले. दारात चष्मेवाला दिसल्यावर त्यांनी त्याच्या हातातला चष्मा घेतला, घातला, काढला, पुसला, पुन्हा घातला.

"पहिल्या दिवशी नियमाने वरून खाली केला," रस्त्यावर आल्यावर ते म्हणाले. "काम संपलं तेव्हा मी दारात आणि ती वर. 'बरं झालं, या' म्हणाली. लागलं दार."

चष्मेवाला कोपऱ्यापर्यंत त्यांच्याबरोबर चालला.

गालिचा मात्र किती दिवस तग धरणार? रोज धुऊन त्याची लव झडली, खालचा डिंक सुटला, पायरीच्या कडेला कापड सैल पडलं. काका खिळे ठोकत, सांधत. एका सकाळी काकूंची चप्पल त्या सैल कडेत अडकली. कठडा हाताला लागला म्हणून वाचल्या.

लेक त्या दिवशी बापावर पहिल्यांदा ओरडली. "बाबा, तुम्ही लोकांना सांगता ना, रोज भिजवलेला गालिचा कुजतो म्हणून? आई पडली असती! मग कोणासाठी धुणार होतात?" आणि ओरडून झाल्यावर तीच जिन्यावर बसून रडली. काका म्हणाले, "तुझं खरं आहे." नव्या गालिच्याचं त्यांनी नावही काढलं नाही. आता काकूंच्या पायाला कड कळत नाही, मऊ कळत नाही. उघडं लाकूडच बरं, हे त्यांनाही दिसत होतं.

गालिचा काकांनी स्वतः उखडला. काकूंना लेक बागेत घेऊन गेली होती. एकेक खिळा काढून खिशात टाकला, एकही पायरीवर राहू दिला नाही. लाकूड पुसून लख्ख केलं. ओल्या फडक्याने पुसलेलं लाकूड बघता बघता वाळलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मशीन घेऊन घंटा वाजवली. काकूंनी मशीन पाहिलं, मागे वळून जिना पाहिला.

"आमच्या जिन्याला गालिचा नाही हो," त्या समजुतीने म्हणाल्या. "घर चुकलात." आणि माणूस दमलेला दिसला म्हणून, दार लावता लावता, "पाणी हवं का?" असंही विचारलं. काका दारात उभ्याउभ्या पाणी प्यायले आणि त्यांनी पेला परत दिला.

मग ते चष्मेवाल्याच्या दुकानात येऊन स्टुलावर बसले. गुडघ्यांच्या गाद्या सोडायच्या राहिल्या होत्या. त्याची बायको वरून बघून गेली, मग दोन कप चहा ठेवून गेली. काकांनी कपाला हात लावला नाही.

चष्मेवाल्याने आपलं सगळं डोकं पणाला लावलं. गप्प बसणं त्याच्या स्वभावात नव्हतं आणि काकांचं ते बसणं त्याला बघवत नव्हतं.

"काका, ऐका माझं. उद्या हातात पाना घ्या, पेटी घ्या. नळवाला म्हणून जा! नळ बघायला आलोय म्हणा. दोन तास सहज निघतील. परवा विजेवाला. लेक आहेच आत, ती सांभाळून घेईल. काकूंना काय कळणार आहे?"

काकांनी नवा चष्मा नाकावर वर सरकवला आणि त्याच्याकडे सरळ पाहिलं.

"बायको आहे ती माझी, तिला फसवू?"