जावईबापूंची काच

काकूंनी आयुष्यभर काचा पुसल्या. चष्म्याच्या दुकानात नोकरी. भिंतीला आरसे, काउंटरला काच, काचेखाली मांडलेल्या पुन्हा काचाच. गिऱ्हाइकाचं बोट उमटायचा अवकाश, यांचं फडकं तिथे हजर. घरीही तीच गत. घासलेलं पातेलं उजेडात धरून पाहायचं, समाधान झालं नाही की परत घासायचं. "आमच्याकडे येणारा माणूस चपला दारात नाही, खालच्या जिन्यातच काढतो," असं काका सगळ्या इमारतीला सांगत सुटायचे. काका म्हणजे त्यांचे यजमान. लिफ्ट दुरुस्त करायचे, आणि बोलायला तिखट.

काकांचा जीव होता खाऱ्या पाण्याच्या टाकीवर. एके काळी तिच्यात मासे होते. ते एकेक करून गेले आणि उरला एकटा कायटन. समुद्रातला जीव तो. पाठीवर कौलांसारख्या एकावर एक आठ पाट्या, भोवती चामड्याची कड, आणि दगडाला असा चिकटलेला की पाहुण्यांना बोट दाखवूनही दिसू नये. दिवसभर दगडातल्या आपल्या खळग्यात बसून राहायचं, अंधार पडला की निघायचं, शेवाळ खरवडून पोट भरायचं आणि उजाडायच्या आत बरोबर त्याच खळग्यात परत. काका त्याला जावईबापू म्हणत. "बसल्या जागी सगळं लागतं, आणि उठवायला गेलं की आणखी घट्ट बसतात!" त्यांना मूलबाळ नव्हतं. "मुलगी नसताना जावई मिळाला, याला नशीब लागतं," हेही ते हसतहसतच सांगत. काकू मात्र त्या वेळी स्वयंपाकघरात जात.

नवराबायकोचं भांडण एकच, टाकीच्या काचांवरून. मागच्या काचेवर हिरवट साय धरलेली पाहिली की काकूंचे हात शिवशिवत. काका ओरडत, "अगं, समोरची काच तुझी, बाकीच्या त्याच्या. हात लावशील तर बघ!" का, ते त्यांनी कधी धड समजावून सांगितलं नाही, आणि यांनी कधी विचारलं नाही. संसारात असल्या किती गोष्टी नुसत्या ओरडण्यावर निभावतात.

मग काकांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. पलंग बाहेरच्या खोलीत टाकीसमोर आणला. काका भिंतीकडे नाहीतर टाकीकडे बघत पडून राहत, आणि घास पुढे केला की दात आवळून घेत. काकू मऊ भात कालवून चमचा धरून बसायच्या. गोंजारलं, विनवलं, एकदा रागाच्या भरात वाटीही आपटली. तोंड उघडेना. डॉक्टरांनी सांगून टाकलं, "तोंडाने काही गेलं नाही तर दवाखान्यात हलवावं लागेल. नाकातून नळी." एकदा का हा माणूस दारातून बाहेर नेला की परत येणार नाही, हे काकूंच्या मनाने घेतलं ते घेतलंच.

करणार काय बिचारी? जे येत होतं ते केलं. पडल्यापडल्या टाकी तरी स्वच्छ दिसावी म्हणून चारही काचा लख्ख पुसल्या. दगड बाहेर काढून दात घासायच्या ब्रशने घासले. जावईबापू बसले होते तो दगडही त्यांच्या भोवतीने घासला. रोज.

आणि थोड्या दिवसांनी नवल घडलं. भर दुपारी जावईबापू खळगा सोडून बाहेर पडले आणि समोरच्या काचेवर चढून फिरू लागले. काकांचे डोळे विस्फारले, तोंड उघडलं, घशातून आवाज आला, "आ... आ..." काकूंनी देवाला नैवेद्य दाखवावा तसा चमचा पुढे केला. घास गेला! तोंड उघडलं की घास, पुन्हा आवाज, पुन्हा घास. काकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आनंदाचं पाणी, काकूंनी पदराने टिपलं. त्यांनी वरखाली सगळ्या मजल्यांवर सांगितलं, "जावई फिरायला लागला आणि हे जेवायला लागले!" आणि काचा आणखी मन लावून पुसल्या.

शोभेच्या माशांचा दुकानदार काकांचा जुना दोस्त. टाकीचं मीठ घेऊन तो आला आणि दारातच थबकला.

"वहिनी, हा दिवसा फिरतोय? कधीपासून?"

"झाले की बरेच दिवस. छान ना, भाऊजी?"

"छान कसलं!" त्याने पाण्यात हात घालून बोटाने जीवाला हलकेच स्पर्श केला. घट्ट बसायला हवा होता तो नुसता सरकला. "पकड गेलीय. शेवाळ कुठाय टाकीत? उपाशी आहे हो हा. अन्न शोधत हिंडतोय."

पलंगावरून आवाज आला, "आ... आ..."

काकूंनी वळून पाहिलं. काका जावयाकडे नव्हे, त्यांच्याकडेच बघत होते. इतके दिवस ते उघडलेलं तोंड घासासाठी नव्हतं. माणूस जीव तोडून सांगत होता, आणि प्रत्येक वेळी काकूंनी त्या तोंडात भात कोंबला होता.

"अहो, तुम्ही हेच सांगत होतात?"

काकांनी डोळे मिटले आणि पुन्हा उघडले. जावयाला उपाशी ठेवलं आणि नवऱ्याला बोलू दिलं नाही, हे काकू दुकानदारासमोरच मोठ्याने म्हणाल्या आणि रडल्या.

दुकानदाराने आपल्या टाकीतले शेवाळलेले दगड आणून ठेवले. काचा हळूहळू मळल्या, हिरव्या झाल्या. जावईबापूंनी पकड धरली आणि एका सकाळी ते खळग्यात जाऊन बसले ते दिवसा बाहेर येईनातच.

काकांनीही तोंड मिटलं.

पुन्हा तोच चमचा, तेच आवळलेले दात. डॉक्टर म्हणाले, उद्या गाडी पाठवतो. काकूंच्या मस्तकात सणक गेली. एका हातात चमचा तसाच, दुसऱ्या हाताने फडकं ओढलं आणि त्या टाकीशी गेल्या. "नाही ना जेवायचं? मग कुणीच जेवू नका या घरात! पुसून टाकते सगळं!"

"आ!"

तोंड उघडलं होतं. काकूंनी फडकं काचेला टेकवलं नाही. ते तसंच काचेजवळ धरून, जमेल तितकं वाकून, त्यांनी चमचा पलंगाकडे नेला. काकांनी रागाने बघत घास गिळला. गाडी परत गेली.

आता रोज असंच चालतं. फडकं कोरडं असतं, काचेला टेकत नाही, आणि ते काकांना दिसत नसेल असं नाही. लिफ्टचा एक नट सैल झाला तरी ओळखणारा माणूस तो. तरी ओरडतात. काल मात्र आवाज फार बारीक आला आणि ओठ जेमतेम हलले. काकूंनी फडकं आणखी जवळ नेलं.

"पुसते हं मी, अहो," त्या म्हणाल्या. "खरंच पुसते. रागवा ना मला."