लेकीची अधाशिशी

माझी नोकरी मलेरियाची. सिहोऱ्याच्या आसपासची गावं माझ्याकडे होती. सायकलवरून पंधरा दिवसांत प्रत्येक घरी एक चक्कर व्हायची. दारात उभं राहून विचारायचं, "कोणाले ताप?" असला तर बोटाला सुई टोचून काचेवर रक्ताचा थेंब घ्यायचा, गोळ्या द्यायच्या आणि दारामागच्या भिंतीवर तारीख टाकायची. लोक मला अर्धा डॉक्टर समजत. थोडाफार मीही समजत होतो.

सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर साल असेल. माझी मुलगी चौथीत होती तेव्हा तिचं डोकं दुखायला लागलं. आधी महिन्यातून एकदा, मग दर आठवड्याला. डोक्याची डावी बाजूच दुखायची; आमच्याकडे त्याला अधाशिशी म्हणतात. शाळेतून मधेच घरी यायची, दार लोटून भिंतीकडे तोंड करून पडायची. उलटी झाली की मग कुठे झोप लागायची. मला वाटलं, शाळा चुकवायची सोंगं आहेत. एकदा हाताला धरून ओढतच शाळेत नेलं. फाटकापाशी ती ओकली. गुरुजींनी दिलेल्या पाण्यानं तोंड धुतलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबा, मी खोटं नाही बोलून राहिली."

त्या दिवसापासून मी कारण शोधायच्या मागे लागलो. तुमसरला नेऊन डोळे तपासले, ते ठीक निघाले. दात दाखवले. जंताचं औषध दिलं. ज्या घरी ताप विचारायचो त्याच घरी अधाशिशीचंही विचारू लागलो आणि सांगतील ते वहीत टिपू लागलो. धानाच्या रोवणीवरून परतणाऱ्या एका म्हातारीनं सांगितलं, सूर्य उगवायच्या आत दूध-जिलेबी चारा. नाकाडोंगरीकडच्या एका वैद्यानं कसल्याशा मुळीचा रस नाकात सोडायला दिला. पोरगी तासभर शिंकत आणि रडत राहिली. सुंठीच्या लेपानं तिच्या कपाळाची कातडी सोलवटली. तिनं सगळं करू दिलं. जिलेबी तेवढी तिला आवडली.

आरोग्य केंद्रात डॉक्टरांचं एक जाड इंग्रजी पुस्तक होतं. ते मी मागून आणलं आणि शब्दकोश घेऊन बसलो. एकेका ओळीला अर्धा तास लागायचा. त्यात डोकेदुखीची कारणं लिहिली होती, आणि माझी नजर नेमकी मेंदूतल्या गाठीवर पडली. सकाळची उलटी, एकाच बाजूचं दुखणं. पुढचं पान उलटायची हिंमत झाली नाही. पुस्तक परत केलं. पण पोरगी खेळताना अडखळली तरी मी हातातलं काम टाकून तिच्याकडे धावायचो. घरात कोणाला सांगितलं नाही. बायको दोन-तीनदा म्हणाली, "जेवण काहून कमी झालं तुमचं?" मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली.

शेवटी केंद्रातल्या डॉक्टरांनी नागपूरच्या एका डॉक्टर बाईंच्या नावे चिठ्ठी दिली. आम्ही तिघं गेलो. बाई वयस्कर होत्या. त्यांनी मुलीला एका रेषेवरून चालवलं, डोळ्यांत उजेड टाकून पाहिलं, गुडघ्यावर ठोकलं. मी सोबत नेलेली वहीही पुरती वाचली. मग विचारलं, "घरात आणखी कुणाला होतो हा त्रास? आईला?"

"नाही," मी म्हणालो.

"मले होते," बायको म्हणाली.

मला वाटलं, तिला प्रश्न कळला नाही.

"कधीपासून?" बाईंनी विचारलं.

"हिच्याएवढी होती तवापासून. महिन्यातून दोनदा, कधी तीनदा."

"मग काय करता?"

"काही नाही. फडकं बांधलं का कमी होते थोडं."

आमच्या लग्नाला तेव्हा तेरा वर्षं झाली होती. डोक्याला फडकं बांधून चुलीपुढे बसलेली ती मला कितीदा तरी दिसली होती. चुलीच्या धुरासाठी बांधत असेल, असं मी धरून चाललो होतो.

बाईंनी सांगितलं, गाठ वगैरे काही नाही. ही अधाशिशीच आहे, पुष्कळदा आईकडून मुलीकडे येते. पुरती जात नाही, वयानं कमी होते. दुखायला लागताच घ्यायची गोळी लिहून दिली. उपाशी ठेवू नका, उन्हात जाऊ देऊ नका, अंधाऱ्या खोलीत निजू द्या. दाराबाहेर आल्यावर माझ्या डोळ्यांना पाणी आलं. लेक वाचली, एवढंच तेव्हा मला कळत होतं.

परतीच्या बसमध्ये मुलगी आईच्या मांडीवर झोपली होती. मी विचारलं, "एवढी वर्सं सांगितलं काहून नाही?"

"सांगून का झालं असतं? सैपाक कोण केला असता?" ती म्हणाली. मग पोरीच्या अंगावर पदर ओढून म्हणाली, "म्हणजे पोरीले माह्याच्यानं लागलं हे."

"असं नाही म्हणत त्या," मी म्हणालो.

खरी चूक मी घरी आल्यावर केली. शेजारच्या गल्लीत राहणारी माझी मोठी बहीण विचारायला आली. मी आनंदात होतो, सगळं सांगून टाकलं. आईकडून आलं म्हणे, हेही. बहीण बायकोकडे बघून म्हणाली, "तरीच. आमच्या घराण्यात कोणालेच नोयतं असं." बायको पाण्याचा गडू घेऊन उभी होती. तिनं तो बहिणीपुढे ठेवला आणि आत गेली. एवढं शोधून मी जे घरी आणलं, ते तिच्याच माथी बसलं.

गोळीनं मुलीला आराम पडू लागला. बायकोसाठीही तीच गोळी मी आणली. ती घ्यायची की नाही, मला माहीत नाही. फडकं मात्र तिनं बांधायचं सोडलं. दुखतं का म्हणून विचारलं, की म्हणायची, "आता नाही दुखत." चेहरा उतरलेला दिसायचा.

मुलगी मॅट्रिक झाली. पुढे साकोलीकडचं स्थळ आलं. पाहुणे यायच्या आधी बायको मला बाजूला घेऊन म्हणाली, "डोक्याचं काही बोलू नका." मी बोललो नाही.

लग्नानंतर मुलगी पहिल्यांदा माहेरी आली, तेव्हा वाळली होती, डोळ्यांखाली काळं झालं होतं. मी विचारलं, "डोकं दुखते का गं?"

तिनं आधी आईकडे पाहिलं. मग म्हणाली, "नाही बाबा. आता नाही दुखत."

चार दिवस राहून ती गेली. बसमध्ये बसवताना गोळ्यांची पुडी मी तिच्या पिशवीत घातली. तिनं ती काढून पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवली, कुणाला दिसणार नाही अशी.