आईचा कोकमांचा तुकडा

आई सौदीत, ताइफला माझ्याकडे आली ती नातीजवळ दोन-तीन महिने राहायला. तिच्या डोळ्यांतला पिवळेपणा आधी मलाच दिसला. मी इथल्या हॉस्पिटलात नर्स आहे. रिपोर्ट हातात येण्याआधीच मला अंदाज आला होता. स्वादुपिंडाचा कॅन्सर, पसरलेला. आईपासून काही लपवणं शक्य नव्हतं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की अजून हिंडता-फिरता किती दिवस येईल.

मग तिनं जमिनीचा विषय काढला. चिपळूणच्या बाजूला, तिच्या माहेरच्या गावात, आजोबांनी तिला दिलेला एक तुकडा होता. काही कोकमं, थोडे काजू, उतरणीला झरा. बापाकडून लेकीला आलेली जमीन तिला लेकीलाच द्यायची होती, तीही स्वतःच्या हातानं. राहतं घर तिनं दादाच्या नावावर केव्हाच करून दिलं होतं.

मला धास्ती टॅक्सची. माणूस गेल्यावर आलेल्या मालमत्तेवर सरकार मोठा कर घेतं, असं वॉर्डात कुणीतरी म्हणालं होतं. म्हणून दादाच्या ओळखीच्या वकिलांना फोन करून विचारलं, आईनं मला जमीन बक्षीस दिली तर काय. आपल्याकडे वारशावर कर नाही, ते म्हणाले. आईनं मुलीला काही बक्षीस दिलं तर त्यावरही आयकर नाही. "पण तुम्ही परदेशात राहता. शेतजमीन तुम्हाला बक्षीस म्हणून घेता येणार नाही. त्यांच्या पश्चात वारशानं येऊ शकते."

आई मेथी निवडत बसली होती. मी तिला जसंच्या तसं सांगितलं. तिचे हात थांबले.

"मेल्यावर मिळतं त्याला दिलं म्हणत नाहीत," ती म्हणाली. "ते राहिलेलं असतं."

तिचा जीव हलका व्हावा म्हणून मी म्हटलं, "मग दादाच्या नावावर कर की. मी इथं बसून त्या कोकमांचं काय करणार?"

"बरं," ती म्हणाली आणि पुन्हा मेथी निवडू लागली.

दुसऱ्या दिवशी तिनं तिकीट काढायला सांगितलं. मी नाही म्हटलं, नवऱ्यानं समजावलं, मुलगी "आजी, डोन्ट गो" म्हणत तिला बिलगून बसली. आई ऐकेना. पाय चालताहेत तोवर जाऊन सही करून टाकते, म्हणाली. जेद्दाच्या विमानतळावर तिच्या व्हीलचेअरबरोबर जाता येईल तितकं मी गेले.

दादाच्या दंडाला धरून ती नोंदणी कार्यालयाचा जिना चढली. बक्षीसपत्रात झऱ्याचा उल्लेख हवाच, असा तिनं हट्ट धरला. घरी येऊन आडवी झाली ती पुन्हा उठली नाही. माझी रजा मंजूर होती, पण इकाम्याचं, म्हणजे तिथल्या निवास परवान्याचं, नूतनीकरण रखडलं होतं आणि त्याशिवाय देशाबाहेर पडायचा परवाना निघत नव्हता. मी पोचले तेव्हा अंगणात मांडव होता आणि आई नव्हती.

वकील भेटायला आले. आईचे शेवटचे दिवस कुठे गेले हे बोलता बोलता ते म्हणाले, "तुमच्याकडेच होत्या होय? मग मृत्युपत्र तिथंच झालं असतं. साधा कागद, दोन साक्षीदारांसमोर सही. तुमचं नाव लिहिलं असतं तर जमीन तुमच्याकडे आली असती. प्रवासाची गरज नव्हती."

मी बक्षिसाचं विचारलं होतं, त्यांनी बक्षिसाचं सांगितलं होतं.

दादाचा चेहरा उतरला. जमीन मी हिच्या नावावर करून देतो, तो म्हणाला. वकिलांनी नकारार्थी मान हलवली. आईला आडवा आलेला नियम त्यालाही आडवा येत होता.

दादा आता त्या कोकमांचं आगळ दर वर्षी पाठवतो. त्याच्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. आईनं "बरं" म्हटलं तेव्हा तिच्यापाशी बसून, तुला खरंच काय हवंय, असं विचारायचं राहून गेलं. मला वाटलं होतं, प्रश्न सुटला.