दुसरी सीडी

आमच्या हिच्या मामांइतक्या सोवळ्या वृत्तीनं चावट सिनेमे पाहिलेला दुसरा माणूस पुण्यात झाला नाही, आणि त्यांच्या शेजारी बसून माझ्याइतक्या जांभया दिलेला दुसरा माणूसही झाला नसेल. कंपनीनं स्वेच्छानिवृत्तीची टूम काढली तेव्हा मामा मिळेल ते पदरात पाडून घरी आले आणि विश्रांतवाडीत घराखालच्या गाळ्यात त्यांनी सीडी लायब्ररी थाटली. आसपास कॉटबेसिसवर राहणारी इंजिनिअरिंगची पोरं, नुकतीच कॉम्प्युटर कंपन्यांत चिकटलेली पोरं. त्यांना काय लागतं, ते बुधवार पेठेतल्या घाऊकवाल्यानं मामांना पहिल्याच फेरीत सांगितलं. मामांनी तो माल घेतला. पण उभी हयात कारखान्याच्या इन्स्पेक्शन खात्यात गेलेली, त्यामुळे तपासल्याशिवाय एकही नग बाहेर सोडायचा नाही हा खाक्या इथंही चालू राहिला.

अडचण एवढीच होती की असले सिनेमे एकट्यानं पाहणं त्यांना गैर वाटे. "एकट्यानं पाहिला तर चावटपणा, दोघांनी पाहिला तर तपासणी," असं त्यांचं साधं शास्त्र होतं. मामी हयात नव्हत्या, मुलीला शेजारी बसवणं शक्य नव्हतं. उरलो मी. रविवारी एकला शटर खाली आलं की आमच्याकडे फोन वाजे. "जावईबापू, जेवण झालं असेल तर निघा." मी खरं तर भाचीचा नवरा, पण मामांना स्वतःचा जावई अजून मिळायचा होता, तोवर ती पदवी माझ्याकडे होती. सगळं पुणे डाराडूर झोपलेलं असताना मी आळंदी रस्त्यानं स्कूटर हाणत असे.

मामा इस्त्रीचा शर्ट घालून, खुर्चीत ताठ बसून सिनेमा पाहत. पडद्यावर दोघं जरा जवळ आली की ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे नजर लावत आणि मला विचारत, "झालं का?" मी म्हणे, "अजून नाही." थोड्या वेळानं पुन्हा, "झालं का?" म्हणजे तपासणी त्यांची आणि बघायचं मी. बरं, बरोबर त्याच वेळी डुलकी लागून चालत नसे. शेवटी मामा 'पास' किंवा 'रिजेक्ट' असा निकाल देत. काही सिनेमे सूचनेसह पास होत. कुटुंबवत्सल गिऱ्हाइकाला ते गंभीरपणे बजावत, "घरात आई असतील तर नायक तलावाकडे निघाला की तुम्ही चहा ठेवायला उठा."

त्या काळी एक सिनेमा दोन सीड्यांवर यायचा. मामांचं निरीक्षण असं, की या तरुणांच्या सिनेमांत पहिल्या सीडीत सगळा वाह्यातपणा असतो आणि दुसरीत पोरं शहाणी होऊन खरोखरच प्रेमात पडतात. पोरं मात्र पहिली ओरखडे पडेपर्यंत पाहत आणि दुसरी कोरी करकरीत परत आणत. मामांना याचा मनस्वी राग. सीडी परत घेताना ते तोंडी परीक्षाच घेत.

"शेवटी काय झालं?"

"लग्न झालं, काका."

"कुणाचं?"

पोरगा घुटमळला की दोन्ही सीड्या परत त्याच्या हातात. "अर्धा माल बघून निघालात? जा, बघून या."

आणि या माणसानं घरात मात्र नेमकं तेच केलं होतं. त्यांच्या शिल्पानं तिच्याच कंपनीतल्या एका मुलाचं नाव घेतलं. मुलगा नागपूरचा आणि आपल्यातला नाही, एवढंच ऐकून मामांनी रिजेक्टचा निकाल दिला. त्याला पाहिलं नाही, नाव धड विचारलं नाही. चारचौघांत कारण सांगत, "तिकडचं तिखट फार." तेव्हापासून बापलेकीचं बोलणं बंद झालं. आम्ही सिनेमा पाहत असताना शिल्पा चहाचे कप टीव्हीवर ठेवून मुकाट आत जाई. पडद्यावर धिंगाणा आणि घरात ही शांतता, याचा मला झोपेपेक्षाही जास्त शीण येई.

अशाच एका रविवारी एक अमेरिकन सिनेमा लागला. कॉलेजातला एक बावळट मुलगा, त्याचे उडाणटप्पू मित्र, एकेक अचाट भानगड. "झालं का?" विचारून मामांचा घसा बसला. पहिली सीडी संपली तेव्हा तो मुलगा नुसता पडदा गुंडाळून मैत्रिणीच्या कपाटात लपला होता आणि तिचा बाप जिना चढत होता.

"रिजेक्ट," मामा म्हणाले.

शिल्पा कप घेऊन दारात उभी होती. "दुसरी सीडी न बघताच?" ती म्हणाली. "गिऱ्हाइकांना तर परत पाठवता."

कितीतरी महिन्यांनी ती त्यांच्याशी बोलली होती. मामा उठता उठता पुन्हा खुर्चीत बसले. मग मला म्हणाले, "लावा."

दुसऱ्या सीडीत बापानं कपाट उघडलं. मुलगा म्हणाला, "माझं तुमच्या मुलीवर प्रेम आहे."  बापानं आपल्या खोलीतून स्वतःची पँट आणून त्याच्या हातात दिली आणि तो खाली चहा करायला गेला.

"थांबवा. मागे घ्या," मामा म्हणाले. तो प्रसंग त्यांनी पुन्हा पाहिला, कॅलेंडरकडे न बघता. मग आतल्या दिशेनं म्हणाले, "शिल्पा, त्या नागपूरकरांना पुढच्या रविवारी जेवायला बोलाव. पँट घालून यायला सांग."

आतला नळ बंद झाला. "बरं, बाबा," एवढंच ऐकू आलं, तेही धड नाही. माझे डोळे भरून आले. मामा म्हणाले, "झोप आली वाटतं तुम्हाला."

लग्न झालं आणि त्यानंतर एका रविवारी फोन वाजला नाही. इतक्या वर्षांची राहिलेली झोप काढावी म्हणून आडवा झालो, पण डोळाच लागेना. स्कूटर दुरुस्तीला दिलेली, म्हणून शेवटी बस धरून विश्रांतवाडीला गेलो. शटर अर्धं खाली होतं.

"झालं का?" आतून मामांचा आवाज आला.

"नाही न बाबा, चालूच आहे अजून."

"बाबा, चहा ठेवू?" शिल्पा विचारत होती.

"तू बस गं. जावईबापू, तुम्ही उठा, चहा ठेवा."

तिघंही हसली. मी शटरला लावलेला हात काढून घेतला. परतीची बस रिकामी होती. खिडकीशी बसून डोळे मिटले, पण झोप काही आली नाही.