शे म्हणजे शंभर नव्हे

माझ्या दोन्ही नातवंडांनो,

तुमच्या बाबाने घरच्या ग्रुपवर पेपरातला तो फोटो टाकला आणि तुम्ही दोघांनी लगेच टाळ्या वाजवणारे हात पाठवलेत. धाकटीने वर लिहिलं, "आजी, तुझा ग्रुप पेपरात! प्राउड ऑफ यू!" फोटोत खांद्यावर शाल आणि हातात नारळ घेऊन एक गृहस्थ हसत उभे आहेत. खाली छापलं आहे की जळगावात मराठी गूढ शब्दकोडं यांनी रुजवलं. ते टाळ्यांचे हात काढून घ्या. फोनमध्ये तशी सोय असते, मी पाहिली आहे. तो माझा ग्रुप नाही, आणि त्या माणसाने काही रुजवलेलं नाही. दुसऱ्याने लावलेलं उपटून स्वतःच्या कुंडीत लावलं, एवढंच केलं. हे तोंडी सांगायला लागले की माझा आवाज चढतो आणि तुम्ही "चिल, आजी" म्हणता. म्हणून लिहून देते आहे.

आधी गूढ कोडं म्हणजे काय, ते सांगते. साध्या कोड्यात नुसता अर्थ विचारतात. गूढ कोड्यात सूचनेचे दोन भाग असतात. एका भागात शब्दाचा अर्थ असतो, दुसऱ्यात तो शब्द कसा जुळवायचा त्याची खूण. वरवर मात्र ते एक सरळ वाक्य दिसतं. उदाहरणार्थ: "सुरुवातीच्या सुरामागे सर, जिथे मुलगी नांदते." अक्षरं तीन. सुरुवातीचा सूर सा, त्यामागे सर, म्हणून सासर. जमलं की डोक्यात बटण दाबल्यासारखं होतं. मी कॉलेजात असताना इंग्रजी कोड्यांवर हे शिकले आणि पुढे किती वर्षं एकटीच सोडवत बसले. तुमच्या आजोबांना वाटायचं मी पेपरवर हिशेब करते.

मग कळलं की आमच्याच कॉलनीच्या मागच्या गल्लीत एका व्हरांड्यात दर रविवारी पाच-सहा जण जमून इंग्रजी कोडं सोडवतात. व्हरांडा त्या शालवाल्या गृहस्थांचा. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, सगळे त्यांना सर म्हणायचे. टेबलावर शब्दकोश, केळीच्या वेफर्सचं ताट, घरघरणारा कूलर. मला सगळे अक्का म्हणू लागले. सुरुवातीला मला तिथे फार बरं वाटायचं, तेही लिहून ठेवते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी पहिल्या दिवसापासून दात धरून होते.

मराठीत गूढ कोडी करायची कल्पना माझ्या धुळ्याच्या मैत्रिणीची. ती शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली. रविवारी सकाळच्या एसटीने धुळ्याहून निघायची, पारोळा-एरंडोल करत जळगावला उतरायची आणि पर्समधून स्वतः रचलेल्या सूचना काढायची. वरचं सासर तिचंच. सरांना ते फार आवडलं होतं, कारण त्यात सर होते. सहा महिन्यांत आम्ही इंग्रजी बाजूला ठेवून तिचीच कोडी सोडवत होतो.

एका रविवारी तिने ही सूचना वाचली: "खान्देशात आहे वड, पुढे काही नाही." अक्षरं तीन.

तुम्हाला अहिराणी येत नाही, तुमच्या बाबालाही धड येत नाही. आपल्याकडे खेड्यात 'आहे' म्हणत नाहीत, 'शे' म्हणतात. तर खान्देशात आहे, म्हणजे शे. वड म्हणजे वट. शे आणि वट, शेवट. पुढे काही नाही. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. मी खुर्चीतून अर्धी उठले.

सरांनी चष्मा काढला. "मॅडम, हा शे कुठून आणलात?"

"घरून आणला, सर," ती म्हणाली.

"घरात ठीक आहे हो. कोड्यात प्रमाण शब्द हवा. बोली घेतली तर उद्या कोणीही काहीही घुसवेल."

मी म्हटलं, "इंग्रजी कोड्यात 'द'साठी पॅरिसचा 'ला' आला की तुम्ही वाहवा करता. पॅरिसची बोली चालते आणि पारोळ्याची चालत नाही?"

"अक्का, पॅरिस ते पॅरिस."

सगळे हसले. त्यांच्यातला एक, पाचोऱ्याकडच्या खेड्यात वाढलेला, हेल काढून तिला म्हणाला, "काय करी ऱ्हायनी व माय? कोडं करी ऱ्हायनी का?" नक्कल हुबेहूब होती. ज्याची आई घरात तशी बोलली आहे त्यालाच तशी नक्कल जमते. मला तेव्हा त्याच्यासमोरचं वेफर्सचं ताट उचलून आत नेऊन ठेवावंसं वाटलं, पण घर माझं नव्हतं.

परत जाताना बसस्टँडवर ती मला म्हणाली, "अक्का, मी कॉलेजात पहिल्याच आठवड्यात वर्गात शे म्हणून गेले होते. तीन वर्षं मला पोरी शेशे म्हणून हाक मारत होत्या." मग तिने मनातलं सांगितलं. तिची आई शिंदखेड्याला असते. फार म्हातारी, लिहिता-वाचता येत नाही. लेक कोडी करते म्हणजे काय करते, ते आईला समजायचं नाही. कोडं पेपरात छापून यावं, खाली लेकीचं नाव असावं आणि त्यात आईचा शब्द असावा, असं तिला वाटत होतं. आईपुढे पेपर धरून बोट ठेवायचं, हा तुझा शे. बाकी काही नको होतं तिला. मानधन नको, सत्कार तर नकोच.

पुढे एका स्थानिक पेपराने दिवाळी पुरवणीसाठी मराठी गूढ कोडं मागवलं. सरांची तिथे ओळख होती. ते म्हणाले, "मॅडम, तुमचं एक पूर्ण कोडं द्या. मी तपासून पाठवतो." तिने चौकट आखली, आडवे-उभे शब्द बसवले, सगळ्या सूचना लिहिल्या आणि शेवटची आडवी सूचना 'शेवट'ची ठेवली. आम्ही सगळ्यांनी ते कोडं त्या व्हरांड्यात बसून सोडवलं. सगळ्यांनी, हे लक्षात ठेवा.

पुरवणी आली. चौकट तिची, शब्द तिचे, सासरसुद्धा तिथेच. वर सरांचं नाव. खाली बारीक अक्षरात, "सहकार्य: रविवार गट." आणि शेवटची सूचना अशी झालेली: "शंभरापाशी वड, पुढे काही नाही."

शे म्हणजे शंभर. दोनशे-तीनशेतला शे.

तिचा फोन आला तेव्हा ती शिंदखेड्यालाच होती. पेपर घेऊन आईकडे गेली होती, न उघडता. आईसमोरच उघडला होता. मला म्हणाली, "अक्का, तिथे शंभर लिहिलंय हो." आणि फोन ठेवला.

मी ती बदललेली सूचना उलटीपालटी करून पाहिली. चूक सापडावी म्हणून मी इतका जीव कधी कुठल्या कोड्यात घातला नव्हता. वाटलं, नुसत्या शंभराला कोणी शे म्हणत नाही. पण म्हणतात. शे-दीडशे माणसं जेवली असं आपण बोलतोच. सूचना निर्दोष होती. त्यामुळे माझा राग कमी झाला असेल असं समजू नका.

पुढच्या रविवारी आम्ही दोघी गेलो. मी बसायच्या आत विचारलं, "कोड्यावर नाव तुमचं कसं?"

"अहो अक्का, कोडं गटाचं असतं. नावात काय ठेवलंय?"

"काही ठेवलं नसेल तर तुमचं काढा की."

पाचोऱ्याचा तो वेफर्समध्ये मीठ कमी आहे का ते बघू लागला. बाकीच्यांना एकदम शब्दकोश वाचायचा होता.

सर मैत्रिणीकडे वळून अगदी गोड आवाजात म्हणाले, "मॅडम, उलट मी तुमचा शे वाचवला. अक्षर तेच ठेवलं. फक्त अर्थ सुधारला."

ती त्या व्हरांड्यात कायम पुस्तकी मराठी बोलायची, सरांपेक्षा शुद्ध. त्या दिवशी पर्स खांद्याला लावत उभी राहिली आणि म्हणाली, "सर, तुमना शे शंभर शे. मन्हा शे नुसता शे."

तुमचा शे शंभर आहे, माझा शे नुसता आहे. ज्या जमातीला दर रविवारी शब्दाची फोड करायची हौस, त्यांच्यापैकी एकालाही हे वाक्य सोडवावंसं वाटलं नाही. सर म्हणाले, "चहा टाकलाय, घेऊन जा." आम्ही घेतला नाही.

आता त्या माणसाला शाल मिळाली आहे. कार्यक्रमाच्या आधी पाचोऱ्याच्या त्या गृहस्थाचा मला फोन आला होता. "अक्का, झालं गेलं सोडा ना. तुमच्यासाठी स्टेजवर खुर्ची ठेवतो. दोन शब्द बोला."

मी म्हटलं, "एकच बोलेन. जिने ते कोडं रचलं, तिला बोलवा."

"त्यांना सरांनी बोलवायला नको म्हटलंय. त्या काहीतरी बोलतील."

"मग मीही काहीतरीच बोलेन," म्हणून मी फोन ठेवला. त्या लोकांनी एका बाईचं काम घेतलं, एका म्हातारीचा शब्द पुसला आणि वर आम्ही दोघींनी समजूतदारपणा दाखवावा अशी त्यांची अपेक्षा आहे. मी दाखवणार नाही. तुम्हीही माझ्या वतीने दाखवू नका.

शिंदखेड्याच्या आईला लेकीने नंतर मूळ सूचना तोंडीच समजावली. म्हातारीने दोनदा ऐकून घेतलं आणि विचारलं, "शे म्हंजे शे. यामा काय कोडं शे?" मैत्रीण हे सांगताना फोनवर इतकी हसली की मला पुढचं ऐकूच आलं नाही. पेपरातल्या चौकटीवर आपलं नाव नाही, हे आईला तिने आजवर सांगितलेलं नाही.

त्या व्हरांड्यात अजून रविवार भरतो. तिथे आता इंग्रजीच सोडवतात असं ऐकते, मराठी सूचना रचणारं कोणी उरलं नाही. आम्ही दोघी तिकडे जात नाही. ती धुळ्यात आहे, मी जळगावात आहे. रविवारी सकाळी फोन होतो, एक सूचना तिची, एक माझी, आणि त्यात कुठलाही शब्द चालतो. एवढं मात्र अजून शे.